ताप चढतो तेव्हा उष्णता येते कुठून? तपकिरी चरबीचं काम नेमकं किती?

शेवंती

मी एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मागच्या आठवड्यात उष्णतेवर बोलता बोलता विषय तापावर गेला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ताप आल्यावर अंग भाजतं, पण ती उष्णता येते कुठून?" मी नुकतंच तपकिरी चरबीबद्दल वाचलं होतं, त्यामुळे उत्साहाने सांगून टाकलं की शरीरात एक खास चरबी असते, ती पेटते आणि ताप चढतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी पोल्ट्री आहे. म्हणाला, "आमच्या कोंबड्या आजारी पडल्या की त्यांचंपण अंग तापतं. त्यांच्यात असते का ही चरबी?"

मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हणाले. घरी येऊन वाचायला बसले तर कळलं की पक्ष्यांमध्ये तपकिरी चरबी नसतेच. आणि पक्ष्यांना ताप मात्र येतो. म्हणजे मी वर्गात सांगितलं ते निदान अपुरं होतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना तपकिरी चरबी माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपण जिला चरबी म्हणतो ती पांढरी, साठवणीची. तपकिरी चरबीचं काम साठवायचं नाही, जाळायचं. कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा. उंचावर अडवलेलं पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये असंच चालतं. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात, ते परत येताना एक रेणूएवढं टर्बाइन फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी लागणारं ऊर्जेचं चलन, तयार होतं. तपकिरी चरबीच्या तंतुकणिकांत यूसीपी-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे सांडव्याचा दरवाजा. थंडीचा सांगावा आला की दरवाजा उघडतो, प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून परततात, एटीपी होत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. या पेशींमध्ये तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांत लोह असतं, म्हणून रंग तपकिरी.

कॉनराड गेस्नर या स्विस निसर्ग अभ्यासकाने १५५१ साली मार्मोट नावाच्या, हिवाळाभर झोपून काढणाऱ्या प्राण्याच्या खांद्यांमध्ये ही पाहिली आणि लिहिलं की हे धड मांसही नाही, धड मेदही नाही. ती उष्णता तयार करते हे कळायला १९६० चं दशक उजाडलं, आणि यूसीपी-१ हाती लागलं ते १९७० च्या दशकाच्या शेवटी. तान्ह्या बाळांत ती भरपूर असते, दोन खांद्यांच्या मध्ये, मानेत, मूत्रपिंडांभोवती. मोठ्या माणसात ती उरत नाही असंच बरीच वर्षं शिकवलं जायचं. २००९ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी दाखवलं की मोठ्यांतही ती असते आणि थंडीत जागी होते.

आता माझा प्रश्न. तापातली उष्णता ही चरबी देते का? देत असेल तर किती? जाणकारांनी कृपया लिहा, मला परत वर्गात जायचं आहे.

आजोळ

शेवंती, किती छान प्रश्न विचारला त्या मुलाने. शाबासकी द्या त्याला माझ्याकडून.

मला शास्त्र कळत नाही, पण चार नातवंडं हातावर वाढवली आहेत. तान्हं बाळ कधी कुडकुडत नाही हे मी पाहिलंय. मोठं मूल थंडीत दात वाजवतं, बाळ नुसतं गार पडत जातं. ते तुमच्या या चरबीमुळे का?

डॉ. पानगळ

आजोळ काकू, अगदी बरोबर पाहिलंत. नवजात बाळाला धड कुडकुडता येत नाही, त्याची सगळी भिस्त तपकिरी चरबीवर. ती पेटवायला साखर आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. म्हणून कमी दिवसांचं, नीट दूध न पिणारं किंवा श्वासाचा त्रास असलेलं बाळ लवकर गार पडतं. कमी दिवसांच्या बाळात ही चरबीच मुळात कमी भरलेली असते.

आता शेवंतीताईंचा प्रश्न. मी बालरोगतज्ज्ञ आहे, ताप हा माझा रोजचा धंदा, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

घरच्या गिझरचा काटा ३७ वर आहे असं समजा. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी प्रथिनं रक्तात सोडतात. ती मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं. हे रसायन हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राच्या, पुढच्या भागातल्या चेतापेशींवर काम करतं आणि काटा ३७ वरून, समजा, ३९ वर जातो. रक्त अजून ३७ वरच आहे, पण मेंदूच्या हिशेबी ते आता दोन अंशांनी थंड. म्हणून पेशंट म्हणतो, "थंडी वाजतेय." त्याला खरोखरच थंडी वाजत असते.

मग शरीर ३९ गाठायला निघतं. सगळ्यात स्वस्त उपाय आधी: खिडक्या बंद. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, चेहरा पांढुरका होतो. आतली उष्णता आतच कोंडली जाते. विश्रांती घेणारा माणूसही सतत उष्णता तयार करतच असतो. ती बाहेर जाणं थांबलं की नुसत्या त्यानेच तापमान चढायला लागतं. यात वेगळं काही जाळावं लागत नाही. दुसरा उपाय माणूस स्वतः करतो: गोधडी ओढतो, अंगाचं मुटकुळं करतो. एवढ्याने भागलं नाही, किंवा काटा फार झपाट्याने वर गेला, तर हुडहुडी. स्नायू थरथरतात, आणि जोरदार हुडहुडीत शरीराची उष्णतानिर्मिती काही पटींनी वाढते.

मोठ्या माणसाच्या तापाचं गणित जवळजवळ इथेच पूर्ण होतं. तपकिरी चरबी थोडा हातभार लावत असेलही, पण ताप चढवायला ती असलीच पाहिजे असं नाही.

आपल्या भाषेत मलेरियाला हिवताप म्हणतात ना, हिव आणि ताप एकाच शब्दात. आधी पाऊण-एक तास दातावर दात आपटणारी थंडी, मग काही तास भाजणारं अंग, मग घामाच्या धारा. काटा वर गेला, शरीराने तो गाठला, काटा खाली आला. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने पेशंटच्या उशाशी बसून पाहिलं असणार.

गारठा

मी निफाडकडची. नावावरून आमची थंडी कळलीच असेल.

डॉक्टर, तुमचं वाचून मला माझी वही काढावीशी वाटली. माझी मुलगी सहा वर्षांची. जानेवारीत एका रात्री तिला ताप आला. मागच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं ताप कसा चढला, आणि मला काही सांगता आलं नव्हतं, म्हणून या वेळी मी घड्याळ लावून लिहीत गेले.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आई, पाय गार झालेत." पाय खरंच बर्फासारखे. तळवे पांढरे, नखं किंचित निळसर. कपाळ कोमट. काखेत ३७.४. कणकण आहे एवढंच वाटलं. साडेसातला ती खेळणं टाकून माझ्या मांडीवर येऊन मुटकुळी करून बसली, दंडांवर काटा आलेला. ३८ पूर्ण. पावणेआठला हनुवटी थरथरायला लागली, मग खांदे, मग सगळं अंग. दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना. आठ वाजून पाच मिनिटांनी ३८.९. थरथर हळूहळू थांबली. साडेआठला ३९.३, आणि तेव्हा मी पाय पाहिले तर ते गरम! गाल लाल. तिने लाथेने गोधडी उडवली. "आता बरं वाटतंय" म्हणाली. मी मात्र आकडा बघून घाबरलेली. औषध दिलं. पावणेदहाच्या सुमारास कपाळावर, मग मानेवर घाम आला. दहाला ३८.१.

पाय गार असतानाच ताप चढत होता, हे मला त्या रात्री कळलंच नाही. सासूबाई म्हणत होत्या पाय गार आहेत म्हणजे ताप नाही.

डॉ. पानगळ

गारठा ताई, ही नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवली तर चालेल का? साडेआठला पाय गरम झाले त्या क्षणी काटा आणि शरीर जुळले होते. खिडक्या बंद ठेवायची गरज संपली, म्हणून कातडीत रक्त परत आलं. ३९.३ ला तिला बरं वाटलं आणि ३७.४ ला नाही, यातच सगळं आलं. पॅरासिटामॉलने प्रोस्टाग्लँडिन कमी झालं, काटा खाली आला, आणि मग शरीराने खिडक्या सताड उघडून घाम काढला.

एक विनंती सगळ्यांना: मूल हुडहुडत असताना त्याला गार पाण्याने पुसू नका. काटा वरच असतो, तुम्ही कातडी गार केलीत की ते आणखी जोरात थरथरेल. हलकं पांघरूण द्या, थरथर थांबली की काढा.

गारठा

जरूर दाखवा डॉक्टर. नाव नको फक्त.

कुतूहल

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून थोडा विरोध करतो. मी उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तीन वर्षं होतो. तपकिरी चरबीला इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही.

१९८० च्या दशकात नॅन्सी रॉथवेल यांनी दाखवलं की मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, इंटरल्यूकिन-१ दिलं की त्यांचा ऊर्जाखर्च वाढतो आणि तपकिरी चरबी कामाला लागते. पुढे जपानच्या काझुहिरो नाकामुरा यांनी आणि इतरांनी मेंदूतली वाटच आखून दाखवली. प्रोस्टाग्लँडिन हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या ज्या चेतापेशींवर बसतं, त्या एरवी खालच्या केंद्रांना दाबून ठेवतात. दाब उठला की निरोप मेंदूच्या खोडातल्या राफे नावाच्या भागात जातो आणि तिथून अनुकंपी चेतांमधून, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणाऱ्या नसांमधून, थेट तपकिरी चरबीत. हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिनचा इवलासा थेंब सोडला की खांद्यांमधली चरबी तापायला लागते, हा आलेख मी स्वतः पाहिलेला आहे. मग ती तापाचं इंजिन नाही असं कसं म्हणायचं?

पाणवठा

पशुवैद्यक आहे, म्हणून मध्ये बोलतो.

कुतूहल, तुमचे उंदीर खरे आहेत, पण माझ्याकडे येणारे पेशंट बघा. घोडा. घोड्याच्या वंशात यूसीपी-१ चं जनुक केव्हाच मोडलेलं आहे. हत्तीतही मोडलेलं, देवमाशांतही. आणि डुक्कर! डुकरांच्या पूर्वजांनी ते सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून डुकराची पिलं जन्मल्या क्षणापासून कुडकुडतात, एकावर एक चढून झोपतात, आणि वराहपालन करणारा त्यांच्यावर दिवा लावून ठेवतो. गाईच्या वासराला दिवा लागत नाही, ते तपकिरी चरबी घेऊन जन्मतं.

पण डुकराला ताप येत नाही असं कुणी म्हणू शकेल का? घोड्याला ताप येत नाही? थर्मामीटर घेऊन मी आयुष्य काढलंय. ४०, ४१ पर्यंत चढतो. ज्याच्याकडे ते इंजिनच नाही त्याची गाडी चढ चढतेच आहे.

त्या पोल्ट्रीवाल्या मुलाला सांगा, त्याचं निरीक्षण खरं आहे. कोंबडीचं नेहमीचं तापमानच ४१ च्या आसपास. जंतूंचा संसर्ग झाला की ते आणखी चढतं. पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसते ती. पिसं फुलवणं म्हणजे तिची गोधडीच.

मृदगंध

वाचतेय. फार सुंदर चाललाय धागा. पाणवठा, वासराचं माहीत नव्हतं.

शेवंती

पाणवठा, किती मोठं काम केलंत! डुक्कर आणि घोडा दोन्ही उद्या वर्गात जाणार.

मी काल रात्री आणखी खोदलं. दोन गोष्टी सापडल्या, दोन्हींनी मी भारावून गेले.

पहिली सरड्यांची. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना घेतले. सरडा थंड रक्ताचा, त्याच्यात ना तपकिरी चरबी, ना हुडहुडी. त्याला एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार अशा जागेत ठेवलं. जंतू टोचल्यावर सरडा चालत जाऊन जास्त गरम जागी बसला! आतून उष्णता करता येत नाही, तर उन्हातून घेतली. १९७५ मध्ये त्यांनी छापलं की संसर्ग झालेले जे सरडे गरम जागी ठेवले ते जास्त संख्येने जगले आणि गार ठेवलेले जास्त मेले. पुढे त्यांनी सरड्यांना ताप उतरवणारं औषध दिलं. ज्यांनी तरीही अंग तापवलं ते जगले, ज्यांना ते जमलं नाही ते मेले. म्हणजे ताप ही मुळात मेंदूची मागणी आहे. ती कशी पुरवायची हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं.

दुसरी गोष्ट कुतूहल यांच्या उंदरांचीच. १९९७ मध्ये यूसीपी-१ चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. एकदम कडक थंडीत ठेवलं तर ते गारठून जातात, म्हणजे तपकिरी चरबीचं थंडीतलं काम सिद्धच झालं. पण त्यांना ताप येतो का? २०२० मध्ये स्वीडनच्या लिंकशॉपिंगमधल्या गटाने हेच तपासलं. जंतूंच्या आवरणातला विषारी अंश टोचल्यावर यूसीपी-१ नसलेल्या उंदरांनाही बाकीच्यांसारखाच ताप आला. ताणामुळे अंग तापतं तेही तसंच तापलं.

कुतूहल, आता तुम्हीच सांगा यावर काय म्हणायचं. मी शिकणारी आहे.

कुतूहल

शेवंतीताई, तो निष्कर्ष मला मान्य करावा लागेल. चालू होणं वेगळं आणि गरजेचं असणं वेगळं, हा फरक मी नीट केला नव्हता. उंदरात तापाच्या वेळी तपकिरी चरबी पेटू शकते हे खरं, पण ती नसली तरी ताप येतो हेही खरं.

यात एक भर घालतो, कारण दोन्ही बाजूंचे प्रयोग का जुळत नाहीत ते यातून कळतं. प्रयोगशाळेत उंदरांची खोली साधारण २० ते २२ अंशांवर असते. आपल्याला ती छान वाटते. उंदराला वाटत नाही. इवलासा जीव, आकारमानाच्या मानाने कातडी फार, त्याला आराम ३० अंशांच्या आसपास. म्हणजे आमचे उंदीर बारा महिने तेरा काळ थंडी सोसत असतात. त्यांची तपकिरी चरबी आधीच जागी आणि भरलेली. अशा उंदरात तापाचा निरोप गेला की तोच बंब आणखी भडकणार. रॅट आरामदायी तापमानात ठेवले तर मात्र त्यांचा ताप मुख्यतः शेपटीच्या रक्तवाहिन्या आवळून येतो, खोली गार केली की उष्णता तयार करून. शेपूट म्हणजे त्यांची उष्णता बाहेर सोडायची खिडकी, आपल्या तळहातांसारखी. डॉक्टर म्हणाले तेच: स्वस्त उपाय आधी.

आम्ही खोलीचं तापमान वहीत लिहायचो पण त्याचा विचार करायचो नाही. ते मनाला लागलंय.

उत्तरायण

मी पेट-सीटी स्कॅनच्या विभागात तंत्रज्ञ आहे. तपकिरी चरबी रोज बघणारे जे थोडे लोक असतील त्यांतली मी एक, म्हणून लिहिते.

कर्करोगाच्या पेशंटला आम्ही किरणोत्सारी साखर टोचतो. जिथे पेशी जास्त साखर खातात तो भाग चित्रात उजळतो. टोचल्यावर साधारण तासभर पेशंटला शांत पडून राहावं लागतं. त्या तासात त्याला थंडी वाजली तर चित्रात मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडांच्या वर, मणक्याच्या कडेने उजळ पट्टे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, वाटलं सगळ्या गाठींमध्ये पसरलाय. सरांनी दाखवलं, बघ, डावीउजवी अगदी सारखी आहे, आणि सीटीत त्या जागी गाठ नाही, चरबी आहे. गाठी या पट्ट्यांखाली झाकल्या जाऊ शकतात, म्हणून आम्ही पेशंटला आधीपासून ब्लँकेट देतो, खोली उबदार ठेवतो.

शेवंतीताईंनी सांगितलेल्या २००९ च्या तीनपैकी एका अभ्यासात अशाच १,९७२ पेशंटचे जुने स्कॅन तपासले होते. ७.५ टक्के बायकांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ही चरबी उजळलेली सापडली. बाकीच्यांत ती नव्हतीच असं नाही, त्या वेळी पेटलेली नव्हती. पण ताप तर शंभरातल्या शंभरांना येतो. मला तरी यातच उत्तर दिसतं.

ज्यांच्या घरी कुणाचा असा स्कॅन असेल त्यांनी स्वेटर आणि पायमोजे घालून पाठवा, उन्हाळा असला तरी. प्रतीक्षेच्या खोलीत एसी असतो.

अंकुर७

तपकिरी चरबी वाढवून वजन कमी होतं असं ऐकलंय, थंड पाण्याने अंघोळ वगैरे. कुणी सांगेल का?

डॉ. पानगळ

अंकुर, थंडीची सवय केली की ती थोडी जास्त कामाला लागते हे दिसलेलं आहे. वजनावर भरवसा ठेवावा एवढा परिणाम नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

झाडीपट्टी

चंद्रपूरकडून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात काम करणारी माणसं कोसळतात. वरचं वाचून मला एक खटकलं म्हणून विचारतो. उष्माघातात अंग ४१-४२ पर्यंत जातं. आमच्या शेजारच्या वाडीत एकाला घरच्यांनी तापाची गोळी दिली आणि पांघरूण घालून निजवलं. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. तो ताप आणि हा ताप एकच का?

डॉ. पानगळ

झाडीपट्टी, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

दोन्ही अगदी वेगळे. उष्माघातात काटा ३७ वरच असतो. शरीर जिवाच्या आकांताने उष्णता बाहेर टाकायचा प्रयत्न करतं आणि हरतं. प्रोस्टाग्लँडिनचा त्यात संबंध नाही, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. पांघरूण तर उलट घातक. तिथे माणूस सावलीत घ्यायचा, कपडे सैल करायचे, भरपूर पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा, आणि हे चालू ठेवतच दवाखाना गाठायचा. हुडहुडणाऱ्या तापाच्या पेशंटला गार पाणी नको म्हणालो, ते इथे लागू नाही. उन्हात राबलेला माणूस, भाजणारं अंग आणि बरळणं किंवा शुद्ध हरपणं असं दिसलं की पाणी ओता.

रानजाई

मी गावात आशाताई म्हणून काम करते. मोबाइलवर लिहितेय, चुका समजून घ्या.

आम्ही बाळंतपणानंतर घरी भेटी देतो, ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या, ४२व्या दिवशी. प्रत्येक वेळी बाळाच्या काखेत थर्मामीटर. ३७.५ किंवा जास्त आलं तर पाठवायचं हे सगळ्यांना पटतं. ३५.५ पेक्षा कमी आलं तरी तितकंच तातडीने पाठवायचं, हे घरच्यांना पटवताना माझा घसा बसतो. "ताप नाहीये ना, मग कशाला?" म्हणतात. मागच्या पावसाळ्यात एका नऊ दिवसांच्या मुलीचं अंग ३५.२ होतं. पोट हाताला गार, पावलं गार, दूध ओढत नव्हती, रडणं मांजरीच्या पिलासारखं. आजी म्हणाली पावसाने गारठलीय. मी तिला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून, वरून शाल गुंडाळून जीपमध्ये बसवलं. तिच्या रक्तात जंतू निघाले. वाचली ती. आता रांगते.

मला एवढंच विचारायचंय, जंतू असूनही तिला ताप का आला नाही? ती गार का पडली?

डॉ. पानगळ

रानजाई ताई, तुमचे हात खरोखर धरावेसे वाटतात.

तुमचा प्रश्न या धाग्याच्या अगदी गाभ्याला हात घालतो. मोठ्या माणसाकडे तापासाठी तीन-चार वाटा असतात. नवजात बाळाकडे हुडहुडी नाही, गोधडी ओढून घेणं नाही, आवळायला खिडक्या आहेत पण भिंती पातळ, अंगाच्या मानाने कातडी फार. त्याच्याकडे एकच बंब, तपकिरी चरबी. आणि संसर्गाने बाळ दूध सोडतं, साखर उतरते, ऑक्सिजन कमी पडतो, तेव्हा नेमका तोच बंब विझतो. म्हणून काही बाळं तापतात आणि काही गार पडतात. गार पडणारं बाळ कमी आजारी नसतं, कित्येकदा जास्तच असतं. मोठ्यांच्या तापात तपकिरी चरबी असली-नसली चालते असं मी वर लिहिलं. नवजात बाळात हे वाक्य मी लिहिणार नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांना शिकवलेल्या धोक्याच्या लक्षणांत बाळ हाताला गार लागणं होतं. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज तुम्ही ज्या घरभेटी देता त्यांची मुळं त्या कामात आहेत. आणि आईच्या छातीशी लावून नेलंत, त्याहून चांगलं साधन त्या जीपमध्ये दुसरं नव्हतं.

आजोळ

रानजाई, वाचताना डोळे भरले. आमच्या वेळी बाळ गार पडलं की शेगडी पेटवायचे खोलीत. धूर व्हायचा. छातीशी धरायचं कुणी सांगितलं असतं तर.

शेवंती

आज वर्गात सांगून आले.

फळ्यावर एक घर काढलं. खिडक्या, गोधडी, थरथरणारी माणसं, आणि माजघरात एक छोटा बंब. मुलांना विचारलं, घर तापवायचंय, आधी काय कराल? खिडक्या लावू, सगळे एका आवाजात. मग बंब पुसून टाकला आणि विचारलं, आता घर तापेल का? तापेल. कुणाकुणाच्या घरात बंब नाही? कोंबडी, डुक्कर, घोडा, हत्ती. मग दुसरं, लहानसं घर काढलं, पातळ भिंतींचं. त्यात फक्त बंब ठेवला आणि तोही पुसला. वर्ग गप्प झाला. मी गारठा यांची नोंद नाव न सांगता वाचली आणि नंतर रानजाई ताईंची नऊ दिवसांची मुलगी सांगितली.

मागच्या आठवड्यात मी सांगितलेलं चूक होतं, हेही सांगितलं. पोल्ट्रीवाल्या मुलाला पुढे बोलावलं. तो लाजला. मधल्या सुट्टीत मात्र माझ्यामागे स्टाफरूमच्या दारापर्यंत आला. म्हणाला, "मॅडम, पिल्लं आणतो ना आम्ही, एक दिवसाची, त्यांना पण बल्ब लावावा लागतो. वडील सांगतात, पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गार आहे, लांब पळाली तर जास्त झालं. मग आजारी पिल्लू बल्बच्या जास्त जवळ बसतं का, त्या सरड्यासारखं?"

मी त्याला वही दिली आहे. पुढची खेप येत्या सोमवारी येतेय, तो दिवसातून तीनदा बघून लिहिणार आहे. पाणवठा, त्याने काय काय टिपावं ते सांगाल का?

पाणवठा

सांगतो. खोलीचं तापमान, बल्बपासूनचं अंतर हाताच्या बोटांनी मोजून, आणि पिल्लाचं खाणं-पिणं. आजारी वाटणाऱ्या पिल्लाच्या पायाला रंगीत दोरा बांधायला सांगा, सैल. आणि कोपऱ्यातला वारा येणारा भाग कुठला ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा, नाहीतर नंतर घोळ होतो.